पान तेहेतीस ते अठ्ठेचाळीस

सरांच्या त्रैमासिकाचा प्रभाव किती आहे हे मोजण्याचे काम माझ्याकडे आले, ते माझ्या गप्प बसण्यामुळे. बैठकीला सर आणि अंकाच्या कामात मदत करणारे आम्ही चौघे जण होतो. तिघांनी आपापल्या अडचणी सांगितल्या. माझ्याही होत्या, पण मी वाक्य मनात जुळवत होते, आणि ते जुळेपर्यंत सरांनी वहीत माझे नाव लिहून पेनाला टोपण लावले होते. "बाई करतील," ते म्हणाले. महाविद्यालयात सगळे मला मॅडम म्हणत. सर एकटे बाई म्हणत, कारण चाळिशीपर्यंत मी शाळेत शिकवले होते, आणि माणसाचा मूळ पत्ता बदलू नये असे त्यांचे मत होते.

सर म्हणजे भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक, आणि मराठीतून निघणाऱ्या एका भूगोलविषयक संशोधन त्रैमासिकाचे संस्थापक, संपादक, मुद्रितशोधक व तिकिटे चिकटवणारे. क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर त्यांची खोली होती. 'मागच्या' असे मी लिहिले खरे. सरांनी ते खोडले असते. मागे, पुढे, जवळ, पलीकडे हे शब्द त्यांनी स्वतःपुरते रद्द केले होते. "चौकाला पाठ असते का?" ते विचारत. पहिल्यांदा मी त्यांच्या खोलीवर गेले, तेव्हा चहाचा कप कुठे ठेवू असे विचारले. "नैर्ऋत्येला ठेवा. वायव्येला प्रुफं आहेत." मी तेव्हा भूगोलातच पीएच.डी. करत होते. तरीही मी कप हातात धरूनच चहा संपवला.

एकदा त्यांच्याबरोबर रिक्षाने जाताना त्यांनी रिक्षावाल्याला सिग्नलवरून दक्षिणेला घ्यायला सांगितले. तो गोंधळून म्हणाला, "चाचा, वो सब ठीक है, लेफ्ट लूं क्या राइट?" सर शांतपणे म्हणाले, "ते तू कुठं तोंड करून बसलास त्यावर आहे." रिक्षा सरळ गेली. आम्ही बरेच पुढे उतरलो आणि पश्चिमेकडे चालत परत आलो. अंकाच्या वेष्टनावर पाठवणाऱ्याचा पत्ता लिहिताना ते गावाच्या नावाच्या जागी नुसता पिनकोड लिहीत. "पाट्या बदलतात," ते म्हणत, "पोस्टमन तोच असतो."

आता मोजण्याविषयी. मान्यताप्राप्त नियतकालिकांची एक यादी असते. त्या यादीतल्या नियतकालिकात लेख छापून आला तर तो प्राध्यापकाच्या बढतीला चालतो. यादीबाहेर छापलेला लेख हा छंद ठरतो. आमचे त्रैमासिक यादीत होते. यादी करणाऱ्या समितीने त्या वर्षी विचारले की तुमच्याकडे छापल्या गेलेल्या लेखांचा संदर्भ इतर संशोधकांनी गेल्या काही वर्षांत किती वेळा दिला, ते मोजून कळवा. आकडा ठरलेल्या मर्यादेच्या खाली गेला, तर नाव निघणार होते. नाव निघाले की लेख यायचे थांबणार, आणि लेख थांबले की अंक थांबणार. अंक थांबल्यावर सरांनी सकाळी उठून काय करायचे, हा प्रश्न समितीच्या अर्जात नव्हता.

गंमत अशी की आमच्या त्रैमासिकाचा प्रभाव सर समितीच्या कितीतरी आधीपासून मोजत होते. त्यांची पद्धत पोस्टाची होती. कोणाच्या प्रबंधात किंवा लेखात आमच्या अंकाचा संदर्भ दिसला, की सर त्या व्यक्तीला जोडकार्ड पाठवत. ज्याच्या एका अर्ध्यावर मजकूर असतो आणि दुसरे अर्धे उत्तरासाठी कोरे असते, ते. पोस्टात ती मिळेनाशी होतील या भीतीने त्यांनी एका खोक्यात साठा करून ठेवला होता. मजकूर ठरलेला असे: 'महोदय, आपण आमच्या अमुक अंकातील अमुक लेखाचा संदर्भ दिलात, त्याबद्दल आभारी आहोत. लेखाचा कोणता भाग आपल्याला उपयोगी पडला, ते सोबतच्या कार्डावर कळवावे.' उत्तर आले की ते नोंदवहीत त्या नावापुढे 'वाचन: १' असे लिहीत. उत्तर आले नाही, तर शून्य.

नोंदवहीत शून्ये पुष्कळ होती. एका संशोधकाने कळवले होते, 'सदर संदर्भ मी माझ्या मार्गदर्शकांच्या सूचनेवरून दिला. कृपया त्यांना विचारावे.' मार्गदर्शकांना कार्ड गेले. त्यांचे उत्तर आले, 'सदर बाब विद्यार्थ्याच्या अखत्यारीतील आहे.' सरांनी दोन्ही कार्डे एका टाचणीने जोडून ठेवली होती. खोलीवर नवीन कोणी आले की ती दाखवत, पण हसत नसत.

हा हट्ट कुठून आला ते सर एकदाच बोलले, तेही मी विचारले नसताना. त्यांचे वडील एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भाकरी करत. गावात त्यांच्या आधीच्या पिढीला शाळेच्या पायरीवरसुद्धा बसू दिले जात नव्हते. शहरात आल्यावर, चाळिशीत, वसतिगृहातल्या मुलांच्या पुस्तकांवरून ते वाचायला शिकले. "बाबा पुस्तक उघडायच्या आधी हात धुवायचे," सर म्हणाले. "आणि हे लोक न उघडताच नाव लिहितात." एवढे बोलून ते प्रुफांकडे वळले. मीही चाळिशीनंतरच या विषयात आले होते. काहीतरी बोलावेसे वाटले, पण वाक्य जुळले नाही.

पोस्टाची पद्धत समितीला चालणार नव्हती, म्हणून मी संगणकावर शोध घ्यायला शिकले. दोन महिने सगळे प्रबंध आणि लेख धुंडाळून यादी केली. माझ्या स्वभावाला ते काम मानवले. त्यात कोणाशी बोलावे लागत नाही. शेवटी आकडा मर्यादेच्या वर गेला. मी यादी छापून सरांच्या खोलीवर नेली तेव्हा, मला आठवते, जिना जरा भरभर चढले होते.

"सगळ्यात जास्त संदर्भ कशाला?" सरांनी विचारले.

फर्दापूर परिसरातील पाणवठे आणि वस्त्या यांविषयीचा तो लेख होता. जुना, पण दरवर्षी कोणी ना कोणी त्याचा आधार घेतलेला. एकूण आकड्याचा जवळजवळ अर्धा भाग त्या एका लेखाचा होता. मी अंकाचा क्रमांक आणि पृष्ठे वाचून दाखवली: तेहेतीस ते अठ्ठेचाळीस.

सरांनी माझ्या हातातून यादी घेतली. मग म्हणाले, "पूर्वेच्या कपाटात, वरून दुसरा कप्पा. अंक काढा तो."

मी अंक काढला. मलपृष्ठावर अनुक्रमणिका होती, त्यात तो लेख होता, लेखकाचे नाव होते, पृष्ठेही होती. मी अंक उघडून पाने उलटत गेले. बत्तीसाव्या पानानंतर चितेगावच्या एका कारखान्याची पाइपांची जाहिरात होती, आणि अंक संपला होता.

"तिसरा फॉर्म छापलाच नाय," सर म्हणाले.

छापखान्यात सोळा पाने एका मोठ्या कागदावर एकत्र छापतात, त्याला फॉर्म म्हणतात. हकिगत अशी होती. लेख फर्दापूरच्या एका शिक्षकांनी लिहिला होता. सरांचा नियम असा, की नकाशातली खूण जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय छापायची नाही. ते एस.टी.ने फर्दापूरला गेले आणि नकाशात वाघूर नदीच्या पूर्व काठावर दाखवलेली दगडी विहीर त्यांना पश्चिम काठावर सापडली. शिक्षक म्हणाले, "पूर्वी तिकडंच व्हती, सर." सर म्हणाले, "नदी सरकते. विहीर नाय सरकत." शिक्षक दुरुस्ती करायला तयार होईनात. सर परत आले आणि त्यांनी लेख काढून टाकला. परंतु मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ, अनुक्रमणिकेसह, आधीच छापून झाले होते. पुढच्या अंकात दुसऱ्या पानावर तळाशी खुलासा छापला होता. तो मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचला. माझ्या आधी कोणी वाचल्याची नोंद नाही.

मग हा लेख पसरला कसा? सरांचा अंदाज होता की ग्रंथालयांमुळे. आमच्याकडे नियतकालिके काचेच्या कपाटात कुलूपबंद ठेवतात. पुष्कळदा मलपृष्ठ बाहेर करून, म्हणजे अनुक्रमणिका दिसावी. कोणीतरी काचेतून शीर्षक उतरवून घेतले. त्याच्या यादीवरून दुसऱ्याने घेतले, दुसऱ्यावरून तिसऱ्याने.

सर यादीवरून बोट फिरवत खाली चालले होते. नवव्या ओळीवर त्यांचे बोट किंचित थांबले आणि पुढे सरकले. नववे नाव माझे होते.

मीही तो संदर्भ दुसऱ्याच्या प्रबंधातून उतरवला होता. एवढेच असते तर कदाचित विसरता आले असते. पण तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझी संदर्भसूची चाळून मुद्दाम म्हटले होते, "फर्दापूरचा तो लेख पाहिलात, हे छान केलंत. हल्ली इतकं मागं कोणी जात नाही." मी मान खाली घालून आभार मानले होते. यादीत त्या परीक्षकांचे नाव चौथे होते.

"म्हंजे बघा बाई," सर म्हणाले, "माझ्या संपादनाचा सगळ्यात मोठा प्रभाव कशाचा? न छापण्याचा."

त्याच आठवड्यात त्यांनी त्या लेखाचा संदर्भ देणाऱ्या प्रत्येकाला जोडकार्ड पाठवले. तिसऱ्या दिवशी माझ्या घरी पोस्टमन आला. कार्डावर माझे पूर्ण नाव होते, पदव्यांसह, सरांच्या बारीक अक्षरात. 'महोदया, आपण आमच्या त्रैमासिकातील लेखाचा संदर्भ दिलात, त्याबद्दल आभारी आहोत. लेखाचा कोणता भाग आपल्याला उपयोगी पडला...' मी रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर बसून प्रुफे वाचत होते. त्या संध्याकाळीही गेले. कार्डाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. आम्ही ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसलो.

इतर कोणाचेही उत्तर आले नाही.

लेखच छापलेला नसल्याने सर ते संदर्भ मोजायला तयार नाहीत, ही बातमी आमच्या विभागप्रमुखांना कळली. ते सरांचेच विद्यार्थी. त्यांचे तीन लेख आमच्या अंकात होते आणि त्या तिन्हींवर त्यांची पुढची बढती उभी होती. ते खोलीवर आले. प्रुफे घेऊन मुद्रक इकबालभाई आधीच बसले होते.

"सर, समितीला तत्त्व नको असतं, आकडा पायजे," विभागप्रमुख म्हणाले. "संदर्भ दिलाय का? दिलाय. मग मोजा. अंक उघडून कोण बघणार आहे?"

"कोणी नाय," सर म्हणाले. "तेच तर मोजतोय आपण."

इकबालभाईंनी मग हळूच एक गोष्ट सांगितली. "सर, वो मॅटर माझ्याकडं आहे अजून. सोळा पानं, पुरा फॉर्म. फक्त छापायचा राहिला व्हता. तुम्ही विहीर इकडची तिकडं करा, मी छापून देतो. शिल्लक अंकांची पिन काढायची, फॉर्म आत टाकायचा, परत पिन मारायची. किसको क्या समझता?"

"झालं तर," विभागप्रमुख म्हणाले. "सगळे संदर्भ एका दिवसात खरे. चूक नकाशात होती ना? नकाशा दुरुस्त होतोय."

मी सरांकडे पाहिले. ते ताबडतोब नाही म्हणतील, असे मला वाटले होते. त्यांनी विचारले, "प्रुफं आणता का उद्या?"

प्रुफे आली. सर ती चार दिवस पिशवीत घेऊन हिंडत होते. त्यांनी लेख पुन्हा वाचला आणि मला म्हणाले, "लेख चांगला आहे हो. लई मेहनत घेतलीय मास्तरनं." मग लाल पेन काढले, नकाशावर धरले आणि परत खिशात ठेवले. "रविवारी फर्दापूरला जाऊन येऊ. मी बघितली त्याला लई वर्षं झाली. आपलंच चुकलं असंल तर?"

रविवारी आम्ही एस.टी.ने निघालो. सर खिडकीशी बसून प्रत्येक पूल वहीत टिपत होते. फर्दापूरला उतरून नदीपर्यंत चालत गेलो. विहीर दिसली नाही. लेणी पाहायला येणाऱ्यांच्या गाड्या उभ्या होत्या, दोन्ही काठांवर. कडेला एका बाईंची चहाची टपरी होती.

"मावशी, इथं नदीच्या कडंला दगडी विहीर व्हती," सर म्हणाले.

"व्हती की. बुजवली तिला. गाड्या लावत्यात आता."

"ह्या काठाला, का त्या?"

बाईंनी हातातल्या गाळणीने आधी अलीकडचा काठ दाखवला, मग जरा विचार करून पलीकडचा. "लई दिस झाले, बाबा. ह्या अंगाला असंल. नाय तर त्या." चहा पुढे करत त्यांनी विचारले, "तुमची व्हती का?"

"नाय," सर म्हणाले. "माझ्याकडं तिची नुसती चूक व्हती."

चहा पिऊन आम्ही स्टँडवर परत आलो. गाडीला वेळ होता. सरांनी पिशवीतून प्रुफे काढली, नकाशाचे पान पाहिले आणि सगळी पाने नीट लावून पुन्हा आत ठेवली. "विहीर दाखवता आली असती तर छापलं असतं," ते म्हणाले. "खरंच छापलं असतं, बाई." मला ते पटले, आणि मोहाची कबुली इतक्या साध्या शब्दांत देता येते याचे नवलही वाटले.

दुसऱ्या दिवशी प्रुफे इकबालभाईंना परत गेली. "पुसून टाका," सर म्हणाले. इकबालभाई म्हणाले, "पुसत नाय मी. मॅटरनं काय गुन्हा केला?"

घरी जाऊन मी कोरे कार्ड काढले. मजकुराची तीन कच्ची रूपे केली. शेवटी लिहिले: 'महोदय, सदर लेखाचा कोणताही भाग मला उपयोगी पडला नाही, कारण मी तो वाचलेला नव्हता. वाचण्यासाठी अंक उघडला, तेव्हा तो त्यात नाही असे आढळले. चुकीबद्दल दिलगीर आहे.' सरांची खोली माझ्या घरापासून पाच मिनिटांवर होती. तरीही कार्ड पेटीत टाकले. ते पोचले तेव्हा मी समोरच बसले होते. सरांनी चष्मा पुसला, कार्ड वाचले, खोक्यात ठेवले.

"अक्षर बरं आहे तुमचं," ते म्हणाले.

अर्ज भरायचा शेवटचा दिवस आला. तो माझ्याच संगणकावरून भरायचा होता. सकाळी विभागप्रमुखांचा फोन आला. "मॅडम, सरांना त्रास नका देऊ. फर्दापूरचे धरून आकडा टाका. त्यांना कळणार पण नाही. त्यांच्याच भल्याचं आहे. टाकताय ना?" मी गप्प राहिले. "थँक्यू मॅडम," ते म्हणाले आणि फोन ठेवला. माझे गप्प राहणे आयुष्यभर होकार समजले गेले आहे. त्या दिवशी मी फर्दापूरचे सगळे संदर्भ वजा केले आणि अर्ज पाठवला. गप्प राहण्याचा मला झालेला हा एकमेव उपयोग.

नाव यादीतून निघाले. विभागप्रमुख वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. त्याने माझ्या दिनक्रमात फारसा फरक पडला नाही. लेख येणे थांबले. त्यानंतरचा अंक एका फॉर्मचा निघाला, सोळा पानांचा. सर मात्र, मला वाटत होते तितके खचले नाहीत. "आता जो लेख पाठवंल, त्याला काहीतरी सांगायचं असंल," ते म्हणाले. "दुसरा काय फायदा त्याला?" अशी माणसे तिमाहीला एक-दोन निघत. त्यांतले एक पाटबंधारे खात्यातले निवृत्त मोजणीदार होते. त्यांनी नकाशासोबत विहिरींचे फोटोही जोडले होते.

पुढे सरांचे गुडघे जिना चढेनात, तेव्हा त्यांची मुलगी त्यांना लातूरला घेऊन गेली. जाण्यापूर्वी त्यांनी अंकाचे काय करायचे म्हणून पुन्हा बैठक घेतली. तिघांनी आपापल्या अडचणी सांगितल्या. त्यामुळे अंक आता मी काढते.

नोंदवह्याही माझ्याकडेच आल्या. "तुमच्या टेबलाच्या ईशान्येला ठेवा," सरांनी बजावले होते. पुष्कळ दिवस मी त्या उघडल्या नाहीत. एकदा धूळ पुसताना त्या वर्षीची वही हाती आली, आणि मी फर्दापूरचे पान काढले. एकाखाली एक नावे, प्रत्येकापुढे शून्य. चौथ्या ओळीवर परीक्षकांचे शून्य. नवव्या ओळीवर माझे नाव, पदव्यांसह, आणि पुढे 'वाचन: १'. मला वाटले, चुकून पडला असेल. सर आकडा चुकत नसत, तरी पानाच्या तळाशी पाहिले. 'एकूण वाचन: १.'

शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. तो इतरांपुढे कोरा होता. माझ्या नावापुढे सरांच्या बारीक अक्षरात लिहिले होते: 'अंक उघडून पाहिला. सांगितल्यावर.'